तारीख कुणाची?

कारखान्याच्या ऑटोमेशनचं कोटेशन कधी पाहिलंय का? नसेल पाहिलं तर काही बिघडलं नाही, त्याची गणना वाचनीय साहित्यात होत नाही. पण त्यात एक गंमत असते. पीएलसी, पॅनेल, सेन्सर, केबल, स्काडाचं लायसन्स अशी वजनदार मंडळी पानभर पसरलेली असतात. आणि अगदी शेवटी, वाहतूक खर्चाच्या जरा वर, एक बारकीशी ओळ असते : ‘लेबल प्रिंटिंग – १ नग’.

या एका नगाला प्रोजेक्टमध्ये कुणी विचारत नाही. मोटर फिरली, व्हॉल्व्ह उघडला, पडद्यावर टाकी निळी भरताना दिसली की साहेब लोक खूश होतात, पेढे वाटले जातात. लेबल काय, होईल नंतर! टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाकडे ते काम जातं. फॉर्मवरचे रकाने घ्यायचे, स्क्रिप्टमध्ये एकापुढे एक चिकटवायचे आणि प्रिंटरकडे पाठवायचे. दुपारभराचं काम.

मला मात्र गेल्या काही वर्षांत असं वाटायला लागलंय की सगळ्या कारखान्यात खरं बोलण्याची जबाबदारी कुणावर असेल तर ती या दुपारभराच्या कामावर. कारण माल गेटबाहेर पडला की त्याच्याबरोबर पीएलसी जात नाही, स्काडा जात नाही, तुम्ही-आम्ही जात नाही. जातं ते फक्त लेबल. कुणी विचारलं ‘तू कोण, कधीचा, कुणी भरला तुला?’ तर ड्रमच्या वतीने उत्तर देणारं तेवढंच एक असतं.

आधी हे छापणं नेमकं चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. (ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.)

स्काडा म्हणजे कारखान्यातली यंत्रं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर. यंत्रातली प्रत्येक गोष्ट, म्हणजे तापमान, वजन, व्हॉल्व्ह उघडा की बंद, तिथे एका नावाने ओळखली जाते, त्याला ‘टॅग’ म्हणतात. पडद्यावर एक फॉर्म असतो, ऑपरेटर त्यात काही भरतो आणि ‘छापा’ हे बटण दाबतो. त्या बटणामागे एक स्क्रिप्ट असते. कुठे व्हीबीस्क्रिप्ट, कुठे सी, कुठे पायथन. ती स्क्रिप्ट फॉर्ममधली आणि टॅगमधली मूल्यं उचलते आणि त्यांचं एक लांबलचक वाक्य बनवते. हे वाक्य लेबल प्रिंटरच्या भाषेत असतं. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरची अशी भाषा म्हणजे झेडपीएल. टोपीसारखं एक चिन्ह आणि पुढे एक्सए लिहिलं की लेबल सुरू, तेच चिन्ह आणि एक्सझेड लिहिलं की संपलं. मधे कुठे छापायचं ते एफओ सांगतं आणि काय छापायचं ते एफडी. जागा मोजायची ती ठिपक्यांत. प्रिंटर २०३ डीपीआयचा असेल तर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके. म्हणजे १०० मिलिमीटर रुंद लेबल म्हणजे ८०० ठिपक्यांचं अंगण, त्यात आपली रांगोळी काढायची! हे वाक्य नेटवर्कवरून प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर ढकललं की झालं, खर्र आवाज करत लेबल बाहेर.

यात जादू काहीच नाही. आणि त्या वाक्यात जे लिहिलं असेल ते खरं आहे की खोटं, याच्याशी प्रिंटरला काहीही देणंघेणं नाही. बारकोडचंही तेच. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं आणि दुकानातल्या बारकोडचा जमाना सुरू झाला. तेव्हापासून लोकांची अशी समजूत झालीय की काळ्या रेघा आहेत म्हणजे माहिती पक्की. अहो, रेघांमध्ये एक नंबर असतो फक्त. त्या नंबरामागे जे कुणी भरून ठेवलंय ते खरं असेल तर खरं. चुकीची तारीख बारकोडमध्ये घातली तर ती चुकीची तारीख अत्यंत वेगाने आणि अचूकपणे वाचता येते, एवढाच काय तो फायदा!

असो. आता गोष्टीकडे येतो.

२०१४ च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्याने मला बोलावलं. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे पाण्यावर आधारित अ‍ॅडेसिव्ह बनतं. पांढरं, दाट, दह्यासारखं. लाकूडकाम, पुठ्ठ्याची खोकी, असल्या ठिकाणी लागणारं. एक बॅच दोन टनांची, तिचे २०० किलोचे दहा ड्रम. मिक्सरखालचा व्हॉल्व्ह उघडायचा, माल गाळण्याच्या पिशवीतून ड्रममध्ये सोडायचा, ड्रम काट्यावर असतो, २०० किलो झाले की बंद. लेबल छापायचं, चिकटवायचं, पुढचा ड्रम.

लेबलची सिस्टिम आधी दुसऱ्या कुणी तरी करून दिली होती आणि ती ‘नीट चालत नाही’ म्हणून मला पाचारण झालं होतं. काय चालत नाही, असं विचारलं तर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, “एका ग्राहकाने ड्रम परत पाठवलाय. बॅच एक आणि तारखा दोन! चार ड्रमांवर अकरा तारीख, सहा ड्रमांवर बारा. त्यांचं स्टोअर म्हणतं, यातली खरी कुठली? आणि परत आलेल्या ड्रममध्ये गाठी आहेत ते वेगळंच. ऑपरेटरला मेमो दिलाय. तुम्ही आता अशी सिस्टिम करा की ऑपरेटरला चूक करताच येणार नाही.”

मेमो कुणाला दिला, असं मी सहज विचारलं. लेबलवर ज्याचं नाव होतं त्याला. पंचविशीतला मुलगा, ठेकेदाराकडचा, कायम होण्याच्या रांगेत उभा. अशा मुलाच्या फाइलमध्ये एक मेमो म्हणजे काय, ते एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

दोन तारखांचं कोडं सुटायला पाच मिनिटं लागली. बॅच रात्री ११ वाजून २५ मिनिटांनी उपसायला घेतली होती. एका ड्रमला साधारण आठ मिनिटं. चौथा ड्रम झाला तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. पाचव्या ड्रमचं लेबल छापलं तेव्हा कॉम्प्युटरच्या घड्याळात तारीख बदललेली. स्क्रिप्ट बिचारी छापताना घड्याळात बघायची आणि तीच तारीख उत्पादनाची म्हणून ठोकून द्यायची. तारखेचा रकाना हाताने बदलता येत होता. जुने ऑपरेटर बारा वाजले की न चुकता तो मागे न्यायचे, कारण कारखान्याचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संपतो. पहाटे तीन वाजता भरलेला ड्रम कारखान्याच्या हिशोबात कालचाच. ही गोष्ट प्रत्येकाला माहीत होती, फक्त स्क्रिप्टला कुणी सांगितली नव्हती.

नावाचं कोडं मात्र जास्त वाईट होतं. तो मुलगा दुसऱ्या पाळीतला. रात्री ११ ला त्याची पाळी संपते. म्हणजे पहिला ड्रम काट्यावर चढला तेव्हा तो गेटबाहेर पडून बसची वाट बघत उभा होता. मग लेबलवर नाव त्याचं कसं? कारण फॉर्म बंद करताना नावाचा रकाना रिकामा होत नव्हता. आधी भरलेलं नाव तसंच राहायचं. कुणाचा तरी त्रास वाचावा म्हणून केलेली सोय. आणि या सोयीने, घरी जाऊन जेवत असलेल्या माणसाने दहा लेबलांवर सही केली होती.

मग ते ड्रम भरले कुणी? तिसऱ्या पाळीला एक जुने ऑपरेटर होते, सगळं प्लँट त्यांना काका म्हणायचं. मीही म्हणायला लागलो. त्यांनीच भरले होते आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. चौकशीत त्यांनी सरळ सांगितलं होतं, की ड्रम मी भरले, पोरगा नव्हताच. तर त्यांना उत्तर मिळालं, “काका, कागदावर तसं नाही.”

मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं. म्हणजे बघा, तीस वर्षं नोकरी झालेला माणूस समोर उभा राहून, स्वतःच्या अंगावर घेऊन, ‘मी केलं’ म्हणतोय. आणि त्याच्यापेक्षा एका साफ न झालेल्या रकान्याचा शब्द जास्त वजनदार! छापील अक्षराचा असा दरारा आपल्याकडे फार आहे. हाताने लिहिलेलं खोटं असू शकतं, तोंडाने बोललेलं तर असतंच, पण कॉम्प्युटरमधून आलं की ते खरंच असणार.

मी काकांना विचारलं, “काका, सातव्या ड्रममध्ये गाठी कशा आल्या?”

ते म्हणाले, “साहेब, पिशवी फाटली होती. सातवा भरताना माल एकदम मोकळा यायला लागला, तेव्हाच कळलं. बंद केलं, पिशवी बदलली, पुढचे तीन ड्रम चांगले आहेत. पण सातव्यात थोडं न गाळलेलं गेलं. मी झाकणावर लिहून ठेवलं होतं की.”

परत आलेला ड्रम अजून स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये होता. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. झाकणावर काळ्या मार्करने, जरा पुसट झालेलं, पण वाचता येईल असं लिहिलेलं होतं : ‘पिशवी बदलली १२.२०’. आणि ड्रमच्या अंगावर ते छापील, सुबक, बारकोडवालं लेबल. त्यावर नाव चुकीचं, तारीख चुकीची, आणि शेरा या रकान्यात ‘ओके’.

हा ‘ओके’ कुठून आला? तर तो रकाना सक्तीचा होता. रिकामा ठेवला तर लेबल छापायचंच नाही. आता रात्री साडेबारा वाजता, हातात ग्लोव्हज, खाली ड्रम, अशा वेळी माणूस शेरा लिहीत बसणार आहे का? सगळे ‘ओके’ टाकायचे. काही जण नुसता टिंब. एका हौशी मुलाने एकदा गंमत म्हणून टोपीचं चिन्ह टाकून बघितलं होतं, तर अर्धंच लेबल छापून आलं, कारण प्रिंटरला ती नवीन आज्ञा वाटली. म्हणजे खरं काय ते सांगता यावं म्हणून जो रकाना ठेवला होता, त्याच रकान्याने सगळ्या प्लँटला न बघता ‘ओके’ म्हणायची सवय लावली. आणि ज्याला खरोखर काही सांगायचं होतं तो मार्कर घेऊन झाकणावर लिहीत होता.

त्या शेडमध्ये उभं राहून मला जे वाटलं ते असं. लेबल ही साक्ष असते. आणि साक्षीदाराला काय विचारावं याचा साधा नियम आहे : त्याने जे पाहिलं तेच विचारावं. त्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. मालाचा कोड, बॅच नंबर, ड्रम नंबर, भरलेलं वजन, रिकाम्या ड्रमचं वजन, निव्वळ वजन, तारीख, वेळ, पाळी, नाव, शेरा. यातले पहिले नऊ यंत्राने पाहिलेले होते. काट्याला वजन माहीत होतं, पीएलसीला बॅच माहीत होती, व्हॉल्व्ह कधी उघडला हे माहीत होतं. तरी ते माणसाला विचारत होतो. आणि जे फक्त माणसालाच माहीत होतं, की पिशवी फाटली, माल वेगळा वाहायला लागला, गाठी दिसल्या, वास वेगळा आला, ते कुठेच नीट विचारलेलं नव्हतं. अकरा प्रश्न विचारून काकांना माहीत असलेली एकमेव गोष्ट विचारायची राहूनच गेली होती.

मग आम्ही फॉर्म उलटा करायला घेतला.

तारीख आधी. छापतानाची तारीख नको आणि माणसाने लिहिलेलीही नको. उपसायचा व्हॉल्व्ह बॅचमध्ये पहिल्यांदा उघडला तो क्षण पीएलसी पकडून ठेवणार, आणि दहाही ड्रमांना तीच तारीख. कारखान्याचा दिवस सातला सुरू होतो, त्याचं गणित सोपं : त्या वेळेतून सात तास वजा करायचे आणि मग तारीख बघायची. पहाटे तीनचे सात तास मागे गेलं की आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. झालं! एका ओळीची स्क्रिप्ट. काकांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, “बरोबर आहे. तारीख ड्रमची असते, कागदाची नसते.” मी इतका वेळ हेच सांगायचा प्रयत्न करत होतो आणि मला एवढं सुटसुटीत काही जमलं नव्हतं.

पण मीटिंगमध्ये यावरून जुंपली. प्रॉडक्शनचं म्हणणं, तारीख हाताने बदलायची सोय पाहिजेच. क्यूसीच्या मॅडमचं म्हणणं, अजिबात नको, पूर्ण कुलूप. दोघांचंही बरोबर होतं. पीएलसी बंद पडली, लाइट गेली, बॅच हाताने उपसावी लागली, तर तारीख टाकणार कशी? आणि दुसऱ्या बाजूला, तारखेचा रकाना उघडा असला की तीन महिने पडून राहिलेल्या मालाला ताजा जन्म मिळायला किती वेळ लागतो? या मालाला मुदत असते. जुना झाला की घट्ट होतो, त्याला वास मारतो. पुढचा माणूस तारीख बघून आधीचा ड्रम आधी वापरतो. तारीख खोटी असेल तर त्याने किती का शिस्तीने वापरेना, त्याची शिस्त फुकट. प्रामाणिक दुरुस्ती आणि बनवाबनवी यांना लागणारं बटण एकच असतं, ही खरी अडचण आहे.

त्यावर तोड आम्ही काही नवीन काढली नाही. ती आपल्याकडे जुनीच आहे. गावच्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर एखादं नाव कमी झालं की ते खोडून टाकत नसत, कंसात घालत आणि शेजारी फेरफाराचा नंबर लिहीत. ज्याला बघायचं त्याने फेरफार नोंदवहीत जाऊन बघावं, का कमी झालं ते. आपल्या आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांतही हेच आहे. पाकिटावरची माहिती बदलायला वरून स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर तेवढ्यापुरती मुभा आहे, पण त्या स्टिकरने मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नव्या किमतीचे स्टिकर लावायला काही काळ परवानगी दिली होती, तेव्हाही जुनी किंमत दिसली पाहिजे ही अट होतीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी नियम केले, त्यांचंही सांगणं तेच, की बदल करा, पण आधीचं झाकू नका. तलाठी, वजनमापवाले आणि अमेरिकन सरकार यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होत असेल तर ती बहुधा बरोबर असावी!

तेव्हा बटण ठेवलं. पण हाताने तारीख टाकली की लेबलवर तारखेखाली ‘हाताने नोंद’ असं छापून येणार, आणि कुणी, केव्हा, का केलं हे नोंदीत राहणार. एकदा छापलेलं लेबल बदलायचं असेल तर नव्यावर ‘सुधारित’ असं छापून येणार आणि जुन्याची नोंद तशीच राहणार. कुणाला अडवलं नाही. फक्त जे केलं ते ड्रमबरोबर बाहेर जाणार एवढंच. मीटिंगमध्ये क्षणभर शांतता झाली. मग प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, “ठीक आहे, तसंही ते क्वचितच लागतं.” आधी रोज लागणारं बटण अचानक क्वचित लागायला लागलं, याची मला मनातल्या मनात गंमत वाटली.

नावासाठी, पाळी बदलली की फॉर्म आपोआप लॉगआउट. ज्याने ड्रम काट्यावर चढवला त्याने कार्ड दाखवायचं. दुसऱ्याच्या नावाखाली काम करायची कुणाला इच्छा नसते, आपणच ती वेळ आणतो.

शेऱ्याची सक्ती काढली. त्याऐवजी चार मोठी बटणं दिली, ग्लोव्हज घातलेल्या बोटाला लागतील एवढी : ‘पिशवी बदलली’, ‘गाठी दिसल्या’, ‘वास वेगळा’, ‘मधे थांबलं’. ही नावं मी ठरवली नाहीत, काकांनी आणि त्यांच्या पाळीतल्या लोकांनी सांगितली. बटण दाबलं तर तो ड्रम क्यूसीकडे जाणार. त्या प्रिंटरच्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतं, म्हणून हे शब्द चित्र म्हणून पाठवावे लागले, ठिपका ठिपका जोडून. थोडा खटाटोप झाला. पण ड्रम हलवणारा हमाल, स्टोअरचा माणूस, ज्याने त्याने ते वाचायचं होतं, त्यामुळे मला तो खटाटोप वायफळ वाटला नाही.

एक शेवटची गोष्ट राहिली होती, जुळ्या लेबलांची. स्टोअरची तक्रार होती की कधी कधी एकाच नंबरचे दोन ड्रम सापडतात. हे कोडं खरं तांत्रिक आहे. स्क्रिप्टने ९१०० वर वाक्य पाठवलं आणि प्रिंटरने ते घेतलं, एवढ्यावर पडद्यावर ‘छापलं’ असं यायचं. पण घेतलं म्हणजे छापलं नव्हे. आत रिबन संपलेली असली तर लेबल येत नाही, ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो, पुन्हा दाबतो. मग कुणी तरी नवी रिबन घालतो आणि प्रिंटर लक्षात ठेवलेली सगळी लेबलं ओळीने ओकतो. त्यात या प्रिंटरला मुळातच शिकवलेलं असतं की रिबन किंवा कागद संपून अडथळा आला तर शेवटचं लेबल परत छाप. म्हणजे कुणी बटण दाबलं नाही तरी जुळं होऊ शकतं. ही सवय एका आज्ञेने बंद करता येते. आणि एचएस नावाची आज्ञा पाठवली की प्रिंटर स्वतःची तब्येत सांगतो, कागद आहे की नाही, रिबन आहे की नाही. आधी तब्येत विचारायची, मग लेबल पाठवायचं, मग पुन्हा विचारायचं, आणि मगच ड्रमचा नंबर एकने पुढे न्यायचा. दोन-तीन सेकंद जास्त लागतात. दोन ड्रमांना एकच नाव देण्यापेक्षा ते परवडलं.

अकरा रकान्यांचा फॉर्म शेवटी दोन प्रश्नांवर आला. तू कोण? आणि काही वेगळं दिसलं का? बाकी सगळं यंत्राने पाहिलेलं यंत्रच सांगत होतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन नव्हतं. तरी उत्तरं यायला लागली. पहिल्या महिन्यात क्यूसीच्या मॅडम जरा वैतागल्याही, “इतके ड्रम ‘गाठी दिसल्या’ म्हणून येतात, आधी तर सगळं ओके असायचं!” मी म्हटलं, मॅडम, माल तोच आहे. आधी तो न सांगता जात होता.

त्या मुलाच्या मेमोचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तर मेमो तोंडी मागे घेतला गेला. लेखी नाही. फाइलमध्ये तो कागद राहिला का, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा विषय बदलला गेला. वर्षभराने तो मुलगा दुसऱ्या कारखान्यात गेला असं कळलं. ड्रमची तारीख दुरुस्त करायची रीत आम्ही बसवली, जुनं न झाकता, कारणासकट, सहीसकट. माणसाच्या फाइलसाठी तशी रीत बसवणं माझ्या कोटेशनमध्ये नव्हतं. याची रुखरुख मला अजून आहे.

या सगळ्याची आता आठवण यायचं कारण म्हणजे व्हीबीस्क्रिप्ट चाललीय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असं जाहीर केलं. आमच्या धंद्यात त्या स्क्रिप्ट हजारोंनी पडल्या आहेत, कित्येकांचे लिहिणारे कुठे आहेत तेही कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे जिकडे तिकडे जुन्या लेबल-स्क्रिप्टची भाषांतरं सुरू आहेत, पायथनमध्ये, सी-शार्पमध्ये. नवी मुलं मला विचारतात, सर, ही ओळ कशी लिहू, ती ओळ कशी लिहू. ते मी सांगतो. पण ओळ बदलायच्या आधी फॉर्म उघडा आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारा, की हे कुणी पाहिलं? यंत्राने पाहिलं असेल तर माणसाला विचारू नका, तो घाईत काही तरी भरेल आणि ते त्याच्या नावावर चिकटेल. माणसाने पाहिलं असेल तर त्याला सांगायला सोपं जाईल असं विचारा. आणि कुणीच पाहिलं नसेल, तर तो रकाना लेबलवर कशाला हवा?

जुन्या स्क्रिप्टचं नव्या भाषेत भाषांतर दुपारभरात होतं. हा प्रश्न विचारायला मात्र प्लँटमध्ये जावं लागतं, शक्यतो रात्री, तारीख बदलते त्या सुमाराला. आणि जाल तेव्हा ड्रमच्या झाकणांवर मार्करने काही लिहिलंय का तेवढं बघून या.